तळे, हिरवी फायरप्लेस आणि घरभर शांतता : आइनोलाची गोष्ट

नवे घर बांधायचे ठरले की मागण्यांची यादी आपोआप लांबत जाते. स्वयंपाकघरात उजेड हवा, देवघर ईशान्येला हवे. जिना आतून असावा की बाहेरून, यावर तर दोन पिढ्यांत वाद होतात. फिनलंडचा संगीतरचनाकार ज्याँ सिबेलियुस याने मात्र आपल्या वास्तुविशारदापुढे दोनच मागण्या ठेवल्या होत्या, असे सांगतात. घरातून तळे दिसावे. आणि जेवणाच्या खोलीत हिरव्या रंगाची फायरप्लेस असावी.

जाड भिंतींची वेगळी खोली त्याने मागितली नाही. दुहेरी दारे मागितली नाहीत, घरापासून दूर एखादी खोपीही नाही. या घरात पुढे त्रेपन्न वर्षे राहून त्याने विसाव्या शतकातील काही थोर सिंफनी लिहिल्या. शांततेवाचून त्याचे काम चालत नसे, हे घरातील प्रत्येकाला ठाऊक होते. मग ती शांतता आली कोठून?

आजच्या धाग्याचा विषय हा आहे. कुटुंबाच्या घरात संगीतकाराची कामाची जागा कशी बसवायची, हा प्रश्न वरवर पाहता वास्तुशास्त्राचा आहे. पण घराच्या नकाशात जे सुटते ते घरातल्या माणसांना भरून काढावे लागते, आणि तिथे त्याचा इतिहास होतो.

प्रथम एक भेद स्पष्ट करू. आपल्याकडे संगीतकाराचे घर म्हटले की रियाज आठवतो. पहाटेचा षड्ज, तंबोऱ्याची जवारी, शेजाऱ्यांची कधी कौतुकाची, कधी वैतागाची दाद. गवई आवाज करतो आणि घर तो ऐकते. युरोपातील रचनाकाराचे काम याच्या उलट. त्याचे संगीत आधी डोक्यात वाजते, मग कागदावर उतरते, आणि वाद्यवृंदाच्या हाती जाईपर्यंत ते दुसऱ्या कोणालाही ऐकू येत नाही. दरम्यान शेजारच्या खोलीत कोणी साधी स्वरमालिका वाजवली, तरी आतले सगळे विस्कटू शकते. येथे घराला ऐकायचे नसते, गप्प बसायचे असते.

या अडचणीवर सिबेलियुसच्या आधीच्या पिढीने काढलेला तोडगा होता झोपडीचा.

नॉर्वेचा एडवर्ड ग्रीग याचे उदाहरण सर्वांत देखणे. १८७७ च्या सुमारास हार्डांगर भागातील लोफ्टहुस येथे त्याने एक छोटी खोली बांधून घेतली. एक पियानो, एक मेज, एक शेगडी, संपले. पण आतून सूर येऊ लागताच गावकरी कुतूहलाने ऐकायला जमू लागले आणि ग्रीगला ती खोली उचलून दुसरीकडे न्यावी लागली. १८८५ मध्ये बर्गेनजवळ ट्रोल्डहाउगेन हे त्याचे घर उभे राहिले. आराखडा त्याचा चुलतभाऊ शाक बुल याचा. घर प्रशस्त, पाहुण्यांनी गजबजलेले; अर्थात कामाला निरुपयोगी. म्हणून १८९१ मध्ये उताराच्या पायथ्याशी, पाण्याच्या काठावर, एक लाकडी झोपडी आली. जाताना ग्रीग तिथे चिठ्ठी ठेवून जाई: कोणी चोरी करायला आत शिरलेच, तर स्वरलिप्यांना हात लावू नये, त्यांची किंमत एडवर्ड ग्रीगवाचून कोणालाच नाही. मात्र एक गोष्ट विसरून चालणार नाही. ग्रीग दांपत्याची एकुलती एक मुलगी १८६९ मध्येच गेली होती. ट्रोल्डहाउगेनमध्ये लहान मुलांचा गलका असा नव्हताच.

गुस्ताव माहलरने हाच तोडगा शिस्तीच्या टोकाला नेला. ऑस्ट्रियातील वोर्थर तळ्याकाठी, मायरनिग येथे, तळ्यालगत कुटुंबाचे घर आणि वर जंगलात दगडी झोपडी. सकाळी कामाला बसण्यापूर्वी त्याला कोणाचेही तोंड दिसता कामा नये, म्हणून न्याहारी घेऊन जाणाऱ्या स्वयंपाकिणीने वेगळ्या, चढणीच्या पायवाटेने जायचे. त्याची पत्नी आल्मा हिने आठवणींत हे लिहून ठेवले आहे. हीच आल्मा स्वतः गाणी रचत असे. लग्नापूर्वी, डिसेंबर १९०१ मध्ये, माहलरने तिला लांबलचक पत्र लिहून रचना सोडण्यास सांगितले होते. घरात एकच रचनाकार असेल, असा त्याचा अर्थ. मला ती झोपडी आणि ते पत्र एकाच नकाशाचे दोन भाग वाटतात.

आता फिनलंडकडे वळू.

१९०३ मध्ये सिबेलियुस अडतीस वर्षांचा होता. फिनलंड तेव्हा रशियन साम्राज्याचा भाग होता आणि ‘फिनलांडिया’मुळे (१८९९) सिबेलियुस राष्ट्रीय भावनेचा आवाज बनला होता. १८९७ पासून त्याला सरकारी वार्षिक मानधनही होते. तरीही हेलसिंकीत त्याचे काही धड चालले नव्हते. उपाहारगृहांतील मैफली रात्ररात्र चालत. गालेन-कालेला या चित्रकाराने १८९४ मध्ये या मित्रमंडळाचे एक चित्र रंगवले आहे, त्यात दारूने जड झालेले डोळे घेऊन सिबेलियुस बसलेला दिसतो. कर्ज वाढत होते. १९०० मध्ये कीर्स्ती ही तान्ही मुलगी दगावली होती. अॅक्सेल कार्पेलान हा त्याचा हितचिंतक शहर सोडण्याचा सल्ला देत होताच. पत्नी आइनोला तो पटला असेल, यात नवल नाही.

जागा ठरली तूसुला तळ्याजवळ, यार्वेनपा येथे. ती रिकामी नव्हती. आइनोचा भाऊ, चित्रकार एरो यार्नेफेल्ट, तिथे राहत होता. चित्रकार पेक्का हालोनेन आणि लेखक युहानी आहो हेही होते. (आहोने तरुणपणी आइनोवर प्रेम केले होते आणि त्यावर कादंबरीही लिहिली होती. ती वाचून सिबेलियुसच्या डोक्यात द्वंद्वयुद्धाचे विचार आले होते. पुढे दोघे शेजारी झाले. कलावंतांच्या वसाहतीत असेही चालते.) या मंडळींना शहरापासून दूर, ओंडक्यांच्या घरात राहणे ही राष्ट्रीय कृती वाटे. पण ‘दूर’ हा शब्द जपून वापरावा: यार्वेनपाला रेल्वे होती आणि हेलसिंकी फार तर चाळीस किलोमीटरवर. मोह सुटला नव्हता, एका तिकिटाच्या अंतरावर गेला होता.

आराखडा काढला लार्स सोंक याने. तिशीतला हा वास्तुविशारद त्याच सुमारास टांपेरेचे प्रचंड दगडी कॅथेड्रल उभारत होता. (पुढे सोंकने हेलसिंकीत काल्लिओ चर्च बांधले तेव्हा तिथल्या घंटांसाठी धून सिबेलियुसने रचून दिली.) दगडी पायावर ओंडक्यांच्या भिंती, उतरते छप्पर, खाली जेवणाची खोली, दिवाणखाना, कामाची एक खोली; वरचा मजला पैशांअभावी अर्धवट. २४ सप्टेंबर १९०४ रोजी ज्याँ, आइनो आणि तीन मुली तिथे राहायला आल्या. घराचे नाव आइनोला. फिनिश भाषेत ‘ला’ हा प्रत्यय जागा दाखवतो: आइनोचे ठिकाण.

हिरवी फायरप्लेस मिळाली. सिबेलियुसला स्वर ऐकताना रंग दिसत. त्याच्या लेखी ही फायरप्लेस एफ मेजर या स्वरसप्तकाची होती. पाहुण्यांना हे विक्षिप्त वाटे. त्याला ते जितके स्वाभाविक, तितकेच उघड होते.

आता या घराची ध्वनीच्या दृष्टीने परीक्षा करू. ओंडक्यांच्या भिंती थंडी उत्तम अडवतात, पण लाकडी घर आतल्या आत आवाज सहज पोचवते. तक्तपोशीवर पडलेले पाऊल, आपटलेले दार, सरकवलेली खुर्ची या धक्क्यांचा नाद लाकडातून घरभर फिरतो. कामाची खोली स्वयंपाक, जेवण आणि मुलींच्या वावराच्या मजल्यावरच. वर रिकामा, अपुरा मजला. ग्रीगने उतारावरची दोन-चारशे पावले आणि माहलरने अख्खे जंगल मध्ये ठेवून जे साधले, ते या नकाशात कुठेच नव्हते.

ते माणसांनी केले.

वडील कामात असताना मुली हलक्या आवाजात बोलत. त्यांनाही पियानो शिकायचा होताच, पण सराव करायचा तो वडील फिरायला बाहेर पडल्यावर. सिबेलियुस रोज लांब फेरफटका मारी आणि तो पाठमोरा दिसेनासा होताच घरात वाद्य सुरू होई. चरित्रग्रंथांत हा तपशील गोड किस्सा म्हणून येतो. मला तो वेळापत्रक वाटतो. एका खोलीची भिंत पुरेशी जाड नाही, म्हणून तीन मुलींचा दिवस वडिलांच्या पावलांवर बेतलेला.

आणि मग पाणी. सिबेलियुसच्या हयातीत आइनोलात नळ आले नाहीत. कारण गरिबी नव्हे, निदान शेवटच्या तीस वर्षांत तरी नव्हे. पाइपांमधून वाहणाऱ्या पाण्याचा आवाज त्याला नको होता. १९५७ पर्यंत, म्हणजे जगभर वाजणाऱ्या, स्वामित्वधन मिळवणाऱ्या रचनाकाराच्या घरात, पाणी बाहेरून वाहून आणले जाई. फिनलंडचा हिवाळा डोळ्यांसमोर आणा. स्वयंपाक, अंघोळी, धुणी, बाळंतपणे, सगळे बादल्यांवर. घरात नोकरमाणसे होती, तेव्हा प्रत्येक बादली आइनोने उचलली असे म्हणणे खोटे ठरेल. पण बादल्या मोजाव्या लागल्या त्या तिला आणि त्या बायकांना. नळाचा आवाज वाचला तो त्यांच्या हातांवर.

आइनोविषयी थोडे विस्ताराने लिहायला हवे. बहुतेक ठिकाणी ती ‘समजूतदार पत्नी’ या दोन शब्दांत उरकली जाते. यार्नेफेल्ट हे सरदारी, सुसंस्कृत घराणे. वडील सेनापती, आई साहित्यिकांची बैठक चालवणारी. भावांपैकी एरो चित्रकार, आर्विद लेखक, आर्मास संगीतकार. आइनो स्वतः पियानो वाजवत असे. आइनोलात तिने मुलींचे प्राथमिक शिक्षण घरीच केले. भाजीपाल्याची आणि फळझाडांची मोठी बाग लावली, आणि ती हौसेची नव्हती. ताटातले बरेचसे त्या बागेतून येई. १९०५ मध्ये आवारात सौना उभा राहिला. फिनिश घरात सौना म्हणजे न्हाणीघरही आणि बैठकही. त्याचा आराखडा आइनोचा. थोडक्यात, त्या आवारात वास्तुरचनाकार दोन होते. पुस्तकांत नाव एकाचे येते.

१९०७ च्या आरंभी आइनो कोलमडली. हिव्हिंकाच्या आरोग्यधामात तिला काही आठवडे विश्रांतीसाठी राहावे लागले. नवरा हेलसिंकीला जाई आणि दिवसेंदिवस परतत नसे. कर्ज, मुली, घर हा भार तिच्या एकटीवर पडे. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तिसरी सिंफनी प्रथम वाजली. टीकाकारांना तिच्यात नवी स्वच्छता, नवा संयम ऐकू येतो, आणि त्याचे श्रेय ग्रामीण शांततेला देण्याची प्रथा आहे. प्रथेला माझा विरोध नाही. एवढेच की त्या शांततेची किंमत त्याच वर्षीच्या आरोग्यधामाच्या मुक्कामातही दिसते.

१९०८ मध्ये सिबेलियुसच्या घशातील गाठीवर शस्त्रक्रिया झाली. मरणाच्या भीतीने त्याने दारू आणि सिगार सोडले, ते जवळजवळ सात वर्षे. आइनोने हा काळ आयुष्यातील सर्वांत सुखाचा मानला, असे तिच्या आठवणींवरून दिसते. याच काळात घराच्या नकाशातही दुरुस्ती झाली. १९११ मध्ये वरचा मजला पुरा झाला आणि कामाची खोली माडीवर गेली. ध्वनीच्या हिशेबाने हे बरोबर होते: पावलांचा आवाज वरून खाली येतो, म्हणून घरात शांत जागा सर्वांत वरची. आता डोक्यावर कोणी चालणार नव्हते. पण त्याच वर्षी सर्वांत धाकटी हैदी जन्मली होती, मार्गारेता तीन वर्षांची होती, आणि लाकडी घरात जिना हा आवाजाचा धुरांडाच असतो. माडीने अंतर वाढवले. नियम तसेच राहिले.

एक गोष्ट मात्र मनोरंजक आहे. सिबेलियुसला आवाजाचे वावडे नव्हते. घरातल्या आवाजाचे होते. त्याच्या डायरीत बगळे, हंस, वाऱ्याची दिशा, बर्फ वितळण्याच्या खुणा यांच्या नोंदी सतत येतात. २१ एप्रिल १९१५ रोजी सकाळी अकराच्या सुमारास त्याने सोळा हंस उडताना पाहिले आणि त्यांच्या हाकांविषयी भारावून लिहिले. पाचव्या सिंफनीच्या अखेरीस येणारी ती मोठी, झुलणारी धून या नोंदीशी जोडली जाते. हंसाच्या हाकेला या घरात मुभा होती. मुलीच्या पियानोला वेळ ठरवून दिलेली होती.

पैशाची बाजू झटपट पाहू. ‘व्हाल्स ट्रिस्ट’ ही छोटी रचना जगभर गाजली, पण तिचे हक्क त्याने अल्प मोबदल्यात विकून टाकले होते. घराचे कर्ज इतर कर्जांत मिसळले आणि ते सगळे फिटायला दोन दशकांहून अधिक काळ गेला. १९१५ मध्ये पन्नासाव्या वाढदिवसाला चाहत्यांनी स्टाइनवे पियानो भेट दिला. तोही याच घरात आला. फेब्रुवारी १९१८ मध्ये यादवी युद्धात लाल रक्षकांनी आइनोलाची दोनदा झडती घेतली, तेव्हा कुटुंब काही काळ हेलसिंकीला हलले. मुक्काम कोठे, तर भाऊ क्रिस्तियान जिथे डॉक्टर होता त्या मनोरुग्णालयात. शांततेसाठी बांधलेले घर सोडून तिथे जावे लागणे, यावर वेगळे भाष्य नको.

सहावी सिंफनी १९२३, सातवी १९२४, ‘टापिओला’ १९२६. आणि त्यानंतर जवळजवळ काहीच नाही.

संगीताच्या इतिहासात याला ‘यार्वेनपाचे मौन’ म्हणतात. आठवी सिंफनी येणार येणार म्हणून लंडन, बॉस्टन, हेलसिंकी वाट पाहत राहिले. घरात सर्व काही पूर्वीसारखेच होते. मुली लग्न होऊन गेल्या, गलका उरला नाही, नळ नव्हतेच. शांतता आता पूर्ण होती आणि तिच्यात लिहिले जात नव्हते. किंवा लिहिले जात होते आणि पसंत पडत नव्हते.

१९४० च्या दशकात एके दिवशी सिबेलियुसने हस्तलिखिते धुण्याच्या टोपलीत भरली आणि जेवणाच्या खोलीत नेऊन जाळली. आठवी सिंफनी त्यातच गेली, असे बहुतेक अभ्यासक मानतात. काय काय जळले हे नेमके सांगता येत नाही, कारण जी एक व्यक्ती सांगू शकली असती ती खोलीत थांबली नाही. आइनोने पुढे सांगितले की ते पाहण्याचे बळ तिच्यात नव्हते, म्हणून ती बाहेर गेली. मात्र त्या दिवसानंतर नवऱ्याचे मन हळूहळू हलके होत गेले. आग पेटली होती ती सोंककडून मागून घेतलेल्या त्याच हिरव्या फायरप्लेसमध्ये. त्या घराच्या नकाशात सिबेलियुसने स्वतः मागितलेल्या दोन गोष्टींपैकी ती एक.

अभ्यासकांची एक अडचण येथे नोंदवतो. सिबेलियुसची १९०९ पासूनची डायरी आहे, पत्रे आहेत, स्वरलिप्यांचे कच्चे खर्डे आहेत. गप्प बसण्याची नोंद कोणी ठेवत नाही. पियानोच्या झाकणावर हात ठेवून वडील फाटकाबाहेर जाण्याची वाट पाहणाऱ्या मुलीचे कागद अभिलेखागारात नसतात. ते आपल्याला नळांच्या अनुपस्थितीतून, जिन्याच्या जागेतून, घर केव्हा बदलले या तारखांतून वाचावे लागतात. घर हे साधन म्हणून हाताशी घेण्याचा हा फायदा.

२० सप्टेंबर १९५७. सिबेलियुसला मेंदूतील रक्तस्रावाचा झटका आला, तो शुद्ध हरपून आइनोलात पडून होता. त्याच संध्याकाळी हेलसिंकीत माल्कम सार्जंट पाचवी सिंफनी वाजवून घेत होता आणि ती आकाशवाणीवरून ऐकवली जात होती. रेडिओ घरात होता. लावला तर त्या सुरांनी कदाचित शुद्ध येईल, असे आइनोच्या मनात आले. तिने विचार केला आणि रेडिओ लावला नाही. रात्री सिबेलियुस गेला. वय एक्क्याण्णव.

त्याला घराच्या बागेतच पुरले. थडग्यावरची सपाट शिळा हैदीचा नवरा, वास्तुविशारद औलिस ब्लोमस्टेट याने आखली. आइनो त्यानंतर जवळजवळ बारा वर्षे त्याच घरात राहिली आणि १९६९ मध्ये त्याच शिळेखाली गेली. मुलींनी १९७२ मध्ये घर सरकारला विकले; १९७४ पासून ते संग्रहालय आहे. आत स्टाइनवे आहे, हिरवी फायरप्लेस आहे, आणि बाहेर झाडांमध्ये आइनोने आखलेला सौना.